गोट्यावरची पांढरी रेघ

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर भूगोलाच्या त्या भूरूपांच्या धड्याबद्दल तू ज्या सुरात "अगं आई, नुसती यादी आहे यादी" म्हणालीस, तो सूर अजून कानात आहे. घळई, धबधबा, रांजणखळगे, नालाकृती सरोवर, पंखाकृती मैदान, त्रिभुज प्रदेश. ते संपतं न संपतं तोच हिमगव्हर, गिरिशृंग, हिमोढ. मग बारखाण, भूछत्र खडक, लोएस. तू एका दमात म्हणून दाखवलंस आणि शेवटी विचारलंस, "हे सगळं पाठ करून मी करू काय?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोनवर मला नीट सुचत नाही, तुला माहीत आहे. लिहायला बसलं की सुचतं, म्हणून हे पत्र.

आधी एक कबुली. नववीत असताना परीक्षेत मला चुनखडीच्या गुहेतले लवणस्तंभ आले होते. छतातून लोंबणारे कोणते आणि जमिनीवरून वर वाढणारे कोणते, यांची नावं मी उलटसुलट लिहून आले. आकृती मात्र अगदी बरोबर काढली होती. बाईंनी नावांचे गुण कापले, आकृतीचे दिले. मला वाटतं तिथेच सगळी गोम आहे. मला घडतं कसं ते कळलं होतं, म्हणतात काय ते कळलं नव्हतं. तुझ्या पुस्तकात नेमकं उलट झालंय. आयुष्यभर दुसऱ्यांची मुद्रितं तपासत आले, त्यामुळे माझं लक्ष शब्दांच्या जातीकडे आधी जातं. त्या धड्यात नामंच नामं आहेत आणि क्रियापदं गळून पडली आहेत. दरी म्हणजे कुणीतरी खोदत असणं. मैदान म्हणजे कुणीतरी पसरत असणं. काम चालू असताना मधेच काढलेला फोटो, आणि त्याखाली लिहिलेलं नाव.

तू पाच वर्षांची असताना नदीच्या पात्रातून उचलून मला दिलेला गोटा आठवतो का? तो अजून माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून. आता लिहितानाही समोरच आहे. काळपट राखाडी, मुठीत मावेल एवढा, आणि त्याच्या पोटाभोवती एक पांढरी रेघ. तू तेव्हा म्हणाली होतीस की त्याने पट्टा घातलाय. त्या पट्ट्याकडे आज जरा नीट बघू.

ही रेघ गारेची, म्हणजे क्वार्ट्झ या खनिजाची आहे. गोटा ज्या मोठ्या खडकाचा तुकडा आहे, तो जमिनीत खोल गाडलेला असताना त्याला तडा गेला. तड्यातून खनिजं विरघळलेलं गरम पाणी वाहिलं. ते थंड होत गेलं तसं त्यातलं खनिज तड्याच्या भिंतींवर जमत गेलं आणि तडा बुजला. म्हणजे आधी खडक, मग तडा, मग रेघ. पुढे त्याच्यावरचे थर झिजून गेले आणि खडक उघडा पडला. मग कधीतरी त्याचा एक कोपरा सुटला आणि नदीत पडला. पडला तेव्हा तो ओबडधोबड, कोपरेदार होता. गोल झाला तो नंतर. कोपऱ्याला तीन बाजूंनी मार बसतो, कडेला दोन बाजूंनी, सपाट भागाला एकाच. म्हणून आधी कोपरे जातात, मग कडा, आणि उरतो तो असा गुळगुळीत. काळ्या भागापेक्षा गार कठीण, म्हणून रेघ किंचित वर आलेली आहे. डोळे मिटून अंगठा फिरवलास तरी ती लागते. एवढ्याशा दगडात एवढा क्रम दडलाय आणि मी त्याखाली विजेची बिलं ठेवते.

आता रांजणखळगे घे. नदीच्या खडकाळ तळाला कुठेतरी एक खोलगा असतो. पुराच्या पाण्याला तिथे भोवरा पडतो. त्यात असा एखादा गोटा सापडला की तो गरगरा फिरत राहतो आणि गिरमिटासारखा तळ पोखरतो. तो झिजून संपला की वरून दुसरा येतो. पूर ओसरल्यावर बघितलं तर खडकात रांजण कोरल्यासारखे खड्डे, आणि तळाशी तेच कामकरी गोटे निवांत पडलेले. माझ्या टेबलावरचा गोटाही असाच कुठेतरी राबला असेल. पाण्याने त्याला झिजवलं, आणि त्याने नदीचा तळ झिजवला. नुसतं पाणी खडकाचं फारसं काही बिघडवत नाही. पाण्याबरोबर वाहणारी वाळू, खडी, गोटे ही त्याची हत्यारं.

मुळात खडकाचा तुकडा सुटतो कसा, हे तुमच्या पुस्तकात 'विदारण' या एका शब्दात उरकलंय. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. खडकाच्या चिरेत पाणी शिरलं, रात्री गोठलं, चीर केसभर रुंदावली. सकाळी वितळलं, आणखी आत शिरलं, पुन्हा गोठलं. पाचर ठोकत गेल्यासारखं. थंड प्रदेशातल्या डोंगरांच्या पायथ्याशी दगडांचे ढीग दिसतात, ते बहुतेक याच पाचरीने पाडलेले. उष्ण, दमट हवेत हेच काम रसायनं करतात. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवतं. माझे दोन गुण ज्यांनी खाल्ले त्या गुहा अशाच होतात.

धबधब्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण यादीतला माझा सर्वांत लाडका शब्द तो. नायगारा सगळ्यांना माहीत. पण तो चालतो, हे फारसं कुणी सांगत नाही. तिथे वर डोलोमाइट या कठीण खडकाचा थर आहे आणि त्याखाली शेल, म्हणजे चिखलाचा बनलेला ठिसूळ खडक. पडणारं पाणी आणि उडणारे तुषार खालचा मऊ थर पोखरत राहतात. वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे आलेला राहतो, आणि आधार पुरेनासा झाला की एक दिवस तुटून खाली येतो. धबधबा तेवढा मागे सरकतो. गेल्या सुमारे १२,००० वर्षांत नायगारा असा जवळजवळ ११ किलोमीटर मागे गेला आहे, आणि मागे सोडलेल्या वाटेवर घळई उरली आहे. म्हणजे 'धबधबा' आणि 'घळई' हे तुझ्या यादीतले दोन वेगवेगळे शब्द खरं तर एकाच गोष्टीचे आज आणि काल आहेत. अलीकडे वीजनिर्मितीसाठी बरंच पाणी वळवल्यामुळे त्याची चाल मंदावली आहे. १९६९ मध्ये तर त्यातला अमेरिकेच्या बाजूचा धबधबा बांध घालून काही महिने चक्क बंद केला होता. पायथ्याशी साठलेले प्रचंड दगड काढावेत का, हे इंजिनियरांना तपासायचं होतं. खडक कोरडा पाडला, मोजमापं घेतली, आणि शेवटी दगड तिथेच राहू द्यायचं ठरलं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

आता तू हुशार आहेस, तेव्हा एव्हाना तुझ्या डोक्यात शंका आली असेलच. सगळं जर झिजतच असेल, तर इतक्या काळात पृथ्वी सपाट कशी नाही झाली?

अठराव्या शतकात स्कॉटलंडमधल्या जेम्स हटनलाही हेच कोडं पडलं होतं. शिकला होता वैद्यकी, करत होता शेती. आपल्या शेतातली माती पावसाबरोबर ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात जाते, हे तो रोज बघत होता. सुपीक जमीन हवी तर खडक झिजून माती व्हायला हवी, आणि माती तर वाहून जाणार. मग हे चाललंय कशाच्या जोरावर? त्याच्या मनाने घेतलं की समुद्रतळाशी साठलेला हाच गाळ दबून खडक होत असणार, आणि पृथ्वीच्या पोटातली उष्णता तो खडक पुन्हा वर उचलत असणार. बोलायला ठीक, पण पुरावा? १७८८ मध्ये जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल या दोन मित्रांना घेऊन तो होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने निघाला आणि सिकर पॉइंट नावाच्या टोकापाशी त्याला हवं ते सापडलं. खाली करड्या खडकाचे थर, जवळजवळ उभे, कपाटात लावलेल्या पुस्तकांसारखे. त्यांच्या डोक्यावर लाल वालुकाश्माचे थर, किंचित कलते, त्या पुस्तकांवर आडव्या ठेवलेल्या वह्यांसारखे.

मनू, जरा थांबून हे चित्र डोळ्यांसमोर आण. गाळ साठतो तो आडवा. मग खालचे थर उभे कसे? म्हणजे ते आधी आडवे साठले, दगड झाले, मग वाकवले गेले, उचलले गेले, पाण्याबाहेर आले, वरून झिजून कापले गेले, आणि मग त्या कापलेल्या टोकांवर नवा गाळ आडवा साठला, त्याचाही दगड झाला, आणि पुन्हा सगळं वर आलं. जिथे लाल खडक करड्यावर टेकतो ती जागा हाताच्या पंजाने झाकता येते. त्या पंजाखाली आज मोजतो तेव्हा कोट्यवधी वर्षं भरतात. काळाच्या त्या दरीत इतकं खोल डोकावताना गरगरल्यासारखं झालं, असं प्लेफेअरने नंतर लिहून ठेवलं आहे. तोवर युरोपात पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं समजण्याची रीत होती. त्या हिशेबात हे मावणारच नव्हतं.

तर तुमच्या धड्यातल्या 'अंतर्गत शक्ती' आणि 'बाह्य शक्ती' या दोन शब्दांमागे हा शेतकरी उभा आहे. एक उचलणारी, एक उतरवणारी. पुस्तकात त्यांचे दोन वेगळे धडे करतात म्हणून वाटतं की आधी पर्वत तयार होतो, आणि तो पुरा झाल्यावर झीज सुरू होते. तसं नसतं. हिमालय बघ. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा खडक चुनखडीचा आहे आणि त्यात समुद्री जिवांचे अवशेष आहेत. चाळीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी तो उथळ समुद्राचा तळ होता. भारताचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा भारताखालचा तुकडा, उत्तरेकडे सरकत येऊन सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला, मधल्या समुद्राचा गाळ चुरगळून वर आला, आणि तो रेटा अजून थांबलेला नाही. वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर म्हणतात. तुझ्या जन्मापासूनचा हिशेब केला तर हे अंतर साधारण या टेबलाच्या उंचीएवढं भरतं.

हा रेटा सुरळीत सरकत नाही, हीच पंचाईत आहे. खोल कुठेतरी खडक अडकून बसतो, ताण साठतो, आणि एके दिवशी सुटतो. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला, हजारो माणसं गेली. मोजणी झाली तेव्हा कळलं की काठमांडूच्या आसपासची जमीन जवळजवळ एक मीटर वर आली होती, आणि उत्तरेकडची काही उंच शिखरं उलट थोडी खचली होती. पर्वत 'वाढतो' असं आपण सहज म्हणतो. वाढतो तो असा, मिनिटाभरात.

आणि तोच हिमालय त्याच वेळी खालीही येत असतो. गंगा आणि ब्रह्मपुत्रा त्याचा चुरा समुद्रात नेतात. बंगालच्या उपसागराच्या तळाशी त्या गाळाचा एक पंखा पसरला आहे, सुमारे ३,००० किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी १६ किलोमीटरहून जाड. तुझ्या यादीतल्या पंखाकृती मैदानाचा थोरला भाऊ म्हण. डोंगराच्या पायथ्याशी ओढ्याचा वेग कमी झाला की तो हातातलं ओझं टाकतो, त्याचा पंखा होतो. समुद्राखाली तेच, फक्त माप निराळं. हिमालय पुरता बघायचा तर नुसतं वर बघून भागत नाही, या पंख्यातही डोकवावं लागतं.

भूपट्टांची गोष्ट निघालीच आहे तर मेरी थार्प या बाईंबद्दल सांगायचा मोह आवरत नाही. १९५० च्या दशकात अटलांटिकच्या तळाची खोली मोजून आणणाऱ्या जहाजांवर बायकांना घेत नसत. त्यामुळे थार्प जमिनीवर बसून आकड्यांवरून नकाशे काढत. काढता काढता त्यांना दिसलं की महासागराच्या मधोमध जी डोंगररांग आहे, तिच्या माथ्यावरून एक खोल भेग सरळ खाली गेली आहे. समुद्राचा तळ तिथे फाटत होता. सहकारी ब्रूस हीझेन यांनी 'पोरीबाळींच्या गप्पा' म्हणून ते उडवून लावलं. पुढे भूकंपांची केंद्रं नकाशावर मांडली तेव्हा ती नेमकी त्या भेगेवर पडली, आणि त्यांना मान्य करावं लागलं. खंडं सरकतात असं म्हणणारा आल्फ्रेड वेगेनर १९३० मध्येच ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावला होता. त्याला हा नकाशा बघायला मिळाला नाही.

पोटातली उष्णता कधी कधी सरळ दारातच येऊन उभी राहते. २० फेब्रुवारी १९४३ रोजी मेक्सिकोत दिओनिसियो पुलिदो नावाच्या शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमिनीला भेग पडली. त्यातून धूर, राख, मग दगड उडू लागले. वर्षभरात तिथे ३३६ मीटर उंचीचा डोंगर उभा होता. पारिकुतिन त्याचं नाव. १९५२ मध्ये तो शांत झाला तेव्हा उंची ४२४ मीटर होती. लाव्ह्याने गिळलेल्या एका गावातल्या चर्चचा मनोरा काळ्या दगडातून अजून डोकं वर काढून उभा आहे. मला त्या पुलिदोचं फार वाटतं. नांगरायला गेला आणि शेतातून डोंगर निघाला. कुणाकडे तक्रार करायची?

(गंमत म्हणजे १८३५ मध्ये चिलीतला मोठा भूकंपही २० फेब्रुवारीचाच. चार्ल्स डार्विन तेव्हा त्या देशात होता. भूकंपानंतर एका बेटावर खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांचे थर भरतीच्या रेषेच्या वर तीनेक मीटरवर सापडले. किनारा एका झटक्यात वर आला होता. तारखेत अर्थ काही नाही, पण लक्षात ठेवायला बरी.)

आता एका भांडणाबद्दल. हटननंतर भूवैज्ञानिकांना एक सवय लागली. जे काही घडतं ते हळूहळूच घडतं, असं मानण्याची. एका अर्थी ती बरोबरच होती. पण जे. हार्लेन ब्रेट्झ नावाचा, आधी शाळेत जीवशास्त्र शिकवणारा माणूस अमेरिकेच्या वायव्येला वॉशिंग्टन राज्यात हिंडत होता. तिथे त्याला विचित्र प्रदेश दिसला. कोरडे, खोल, खरवडून काढल्यासारखे पाट, पाण्याचा थेंब नसलेले प्रचंड धबधब्यांचे कडे, रांजणखळगे कसले, तळी शोभतील एवढे खड्डे. १९२३ मध्ये त्याने लिहिलं की हे काम एका महापुराचं आहे. सगळे त्याच्यावर तुटून पडले. एवढं पाणी आणायचं कुठून, हा त्यांचा सवाल, आणि त्याला उत्तर देता येईना.

उत्तर जोसेफ पार्डी या दुसऱ्या भूवैज्ञानिकाकडे होतं. हिमयुगात तिथल्या एका दरीच्या तोंडाशी हिमनदी आडवी आली होती आणि तिच्यामागे मिझुला नावाचं प्रचंड सरोवर तुंबलं होतं. बर्फाचा बांध फुटला की ते काही दिवसांत रिकामं व्हायचं. बांध पुन्हा तयार व्हायचा, पुन्हा फुटायचा. त्या सरोवराच्या तळावर पार्डीला वाळूतल्या लहरींसारख्या लहरी सापडल्या. फरक इतकाच की आपण वाळूत बघतो त्या बोटभर उंच असतात, आणि या काही मीटर उंच, खडीच्या टेकड्या होत्या. इतक्या मोठ्या की जमिनीवर उभं राहून त्या लहरी आहेत हे कळतच नाही, विमानातून कळतं. ब्रेट्झला १९७९ मध्ये भूविज्ञानातलं मानाचं पेनरोज पदक मिळालं, वयाच्या ९६ व्या वर्षी. ज्यांच्यापुढे मिरवावं ते विरोधक सगळे वारले, अशी त्याने तक्रार केल्याचं सांगतात.

हे भांडण मला आवडतं, कारण दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. कोलोरॅडो नदीने ग्रँड कॅन्यन कापली ती लाखो वर्षांत, आणि वॉशिंग्टनचे ते पाट काही दिवसांच्या पुरांत. कोरलेला खडक दिसायला दोन्हीकडे सारखाच. तो हळू कोरला की एका झपाट्यात, हे त्याच्याकडे बघून लगेच ओळखता येत नाही. खुणा शोधाव्या लागतात, आणि कुणाचं ऐकून ठरवून चालत नाही.

हिमनदीचं तू म्हणालीस की ती सर्वांत कंटाळवाणी. एक गोष्ट सांगते, मग ठरव. स्वीडनच्या किनाऱ्यावर सीलची शिकार करणारे लोक होते. सील पाण्यातून ज्या सखल खडकांवर चढून बसत, त्या खडकांना किंमत असे, त्यांची कागदोपत्री नोंद असे. काही पिढ्या गेल्या आणि लोकांच्या लक्षात आलं की जुने खडक निकामी झाले, सीलना आता त्यांवर चढता येत नाही. पाणी खाली गेलं होतं की काय? आंदेर्स सेल्सियस, म्हणजे तापमापकातला तोच सेल्सियस, याने १७३१ मध्ये अशा एका खडकावर पाण्याच्या पातळीशी खूण कोरली. पुढच्या पिढ्यांनी फरक मोजावा म्हणून. त्याचा समज होता की समुद्र आटतोय. खूण आज पाण्याच्या बरीच वर आहे. पण समुद्र आटला नव्हता, जमीन वर येत होती. हिमयुगात त्या भागावर दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. त्या ओझ्याने जमीन दबली. बर्फ वितळून जवळपास दहा हजार वर्षं झाली, तरी ती अजून उसळून वर येते आहे, स्वीडनच्या उत्तर किनाऱ्यावर वर्षाला आठेक मिलिमीटर. गादीवरून उठल्यावर गादी फुगते ना, तशी. फक्त ही गादी दहा हजार वर्षं फुगतेच आहे.

हिमनदीने कोरलेली यू आकाराची दरी, तिने आणून टाकलेले दगडमातीचे ढीग म्हणजे हिमोढ, हे सगळं त्यानंतर वाच. बर्फ वितळून गेला तरी त्याचं काम सुरूच आहे, हे एकदा कळलं की तो धडा वेगळा वाटेल.

वारा आणि समुद्र थोडक्यात आवरते, हात दुखायला लागला. वारा जमिनीजवळ वाळूचा मारा करतो, म्हणून भूछत्र खडक खाली बारीक आणि वर जाड. बारीक धूळ मात्र तो लांब नेतो. किती लांब? सहारातली धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलात पडते, वर्षाला सरासरी २ कोटी ७० लाख टनांच्या आसपास, असं उपग्रहाने मोजलं आहे. तिच्यातल्या फॉस्फरसवर ते जंगल पोसलं जातं. या धुळीचा मोठा वाटा चाडमधल्या एका आटलेल्या सरोवराच्या तळाचा. मेलेलं सरोवर समुद्रापलीकडच्या झाडांना खत पुरवतं! समुद्राचं म्हणशील तर लाटा कड्याच्या कमकुवत जागा पोखरतात, आधी गुहा, मग आरपार कमान, कमान पडली की उरलेला सागरी स्तंभ. माल्टातल्या गोझो बेटावर 'अझुर विंडो' नावाची अशी प्रसिद्ध कमान होती. ८ मार्च २०१७ च्या वादळात ती कोसळली, आणि तिचा खांबही बरोबरच गेला, म्हणजे पुस्तकातला पुढचा टप्पा तिने गाळला.

एका ठिकाणी मात्र सगळे टप्पे एका माणसाच्या आयुष्यात मावले. आइसलँडच्या दक्षिणेला १४ नोव्हेंबर १९६३ रोजी पहाटे एका मासेमारी नौकेवरच्या लोकांना समुद्रातून धूर निघताना दिसला. त्यांना वाटलं एखादं जहाज पेटलंय. ते बेट जन्मत होतं. त्याला सुर्तसे असं नाव दिलं. नुसती सुटी राखच असती तर लाटांनी ते लवकरच खाऊन टाकलं असतं, पण नंतर लाव्हा वाहिला आणि त्याचं कवच झालं. जून १९६७ मध्ये उद्रेक थांबला तेव्हा बेटाचं क्षेत्रफळ २.७ चौरस किलोमीटर होतं. आज ते त्याच्या निम्म्याच्या आसपास उरलं आहे. बेट घडत होतं तेव्हाही लाटा एका बाजूने त्याला कुरतडतच होत्या. कड्यांवरून सुटलेले दगड किनाऱ्यावर आले आणि लाटांनी लोळवून लोळवून त्यांचे गोल गोटे केले, तेही काही वर्षांतच. मला वाटायचं गोटा व्हायला युगं लागतात.

म्हणून आता माझ्या टेबलावरच्या या गोट्याच्या वयाबद्दल मी काही बोलत नाही. खडक जुना असेल. त्याचा गोलपणा कदाचित तेवढा जुना नसेल.

तुला एक काम सांगते. पुढचा मोठा पाऊस झाला की वसतिगृहाच्या मैदानाच्या उताराकडे जा, जिथे माती उघडी आहे तिथे. मला खात्री आहे, तिथे तुझी अर्धी यादी सापडेल. बोटभर खोल घळई असेल. एखादा खडा डोक्यावर घेऊन उभा राहिलेला मातीचा खांब असेल, कारण खड्याखालची माती पावसाने मारली नाही. उतार संपतो तिथे बारीक वाळूचा पंखा असेल. डबक्यात शिरणारा त्रिभुज प्रदेशही असेल. ओल्या मातीवरून तुझ्या मैत्रिणी चालत गेल्या तर दोन दिवसांत सगळं बुजेल, तेव्हा आधी बघून घे. चित्र काढलंस तर मला पाठव. नावं नाही लिहिलीस तरी चालेल, पण बाण काढ, काय कुठून कुठे गेलं त्याचे.

गोटा तुला पाठवायचा विचार होता, पण मन होत नाही. आत्ता लिहिताना भिंग घेऊन त्याच्याकडे बघत होते. पांढऱ्या रेघेला लागून, खालच्या अंगाला, एक बारीक चीर दिसते आहे. ती आधीपासून होती की मागे तो माझ्या हातून फरशीवर पडला तेव्हाची, ते मला सांगता येईना. सुट्टीत आलीस की तू बघ. तुझे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत.

तुझी,
आई